पेनवाला टॅब: घ्यावा कुणी, वापरावा कसा

पेन असलेला टॅब घ्यावा का, असं कुणी विचारलं की मी आधी त्याच्या टेबलाची चौकशी करतो. दिवसभरात हातात पेन किती वेळ असतं? आणि ते कशावर चालतं, कोऱ्या कागदावर की दुसऱ्याने छापून पाठवलेल्या कागदावर? छापलेल्या मजकुरावर, नकाशावर, उत्तरपत्रिकेवर किंवा फोटोवर खुणा करणं हे ज्याचं रोजचं काम, त्याचे पैसे या यंत्रात नक्की वसूल होतात. ज्याचं काम मुख्यतः टाइप करायचं आहे, पत्रं, अहवाल, हिशेबाचे तक्ते, त्याने लॅपटॉपच घ्यावा. टॅबला कीबोर्ड जोडता येतो, पण दोन-तीन फाइली शेजारी उघडून दिवसभर काम करायला तो अपुरा पडतो. आणि दिवसाकाठी पानभर लिहिणाऱ्याला चांगली वही पुरते. तिला चार्जिंग लागत नाही आणि ती कधी अपडेट मागत नाही.

माझं काम संपादनाचं आणि मुद्रितशोधनाचं. त्यामुळे पुढची बरीच उदाहरणं प्रूफांची आहेत. पण पेपर तपासणारे शिक्षक, पक्षकाराची कागदपत्रं वाचणारे वकील, साइटवर फिरणारे अभियंते यांच्या कामाचा गाभाही हाच आहे: समोर आलेल्या पानावर आपला शेरा लिहायचा, तो परत पाठवायचा आणि सहा महिन्यांनी लागला तर शोधून काढायचा. पहिल्या दोन गोष्टी टॅबवर सहज जमतात. तिसरी, म्हणजे शोधून काढणं, मराठीत लिहिणाऱ्याला स्वतःच्या शिस्तीनेच जमवावी लागते. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पेनाची जात

दुकानात सगळी पेनं साधारण सारखीच दिसतात. आतून मात्र ती वेगवेगळ्या जातींची असतात, आणि प्रोसेसर, मेमरी, कॅमेरा यांच्या आधी हे समजून घ्यायला हवं.

सगळ्यात स्वस्त पेन रबरी टोकाचं. ते कुठल्याही स्क्रीनवर चालतं, कारण स्क्रीनच्या लेखी ते बोटच असतं. टोक जाड असल्यामुळे नेमकं कुठे टेकलं ते दिसत नाही. तळहात टेकला तर त्याच्याही रेघोट्या उमटतात, म्हणून हात अधांतरी धरून लिहावं लागतं. कुरिअरवाल्याच्या फोनवर सही करण्यापुरतं ते ठीक आहे, पानभर लिहायला ते घेऊ नका.

दुसरी जात जपानच्या वॅकॉम कंपनीने रुजवली. यात स्क्रीनच्या खाली तारांच्या वेटोळ्यांचा पातळ थर असतो. त्यातून विद्युतचुंबकीय क्षेत्र तयार होतं, पेनातलं छोटं वेटोळं त्या क्षेत्रातूनच ऊर्जा घेतं आणि आपण कुठे आहोत, किती दाब आहे ते उलट कळवतं. त्यामुळे लिहिण्यासाठी पेनाला बॅटरी लागतच नाही. सॅमसंगने २०११ मध्ये गॅलक्सी नोट हा फोन आणला तेव्हापासूनचं त्यांचं ‘एस पेन’ याच जातीचं. काही एस पेनांत ब्लूटूथच्या बटनासाठी बॅटरी असते, पण ती संपली तरी लिहिणं थांबत नाही. या जातीला एक पथ्य आहे: लोहचुंबक. मिळेल ते चुंबकी कव्हर घातलं तर स्क्रीनच्या एखाद्या कडेला रेघ वाकडी होते किंवा तुटते. तसं झालं तर टॅब दुरुस्तीला नेण्याआधी कव्हर काढून लिहून पाहा.

तिसऱ्या जातीत पेनाला स्वतःची बॅटरी असते आणि ते स्क्रीनला संदेश पाठवतं. २०१५ मध्ये आयपॅड प्रोबरोबर आलेली ॲपल पेन्सिल, मायक्रोसॉफ्टच्या सरफेसची आताची पेनं, वनप्लस आणि शाओमीच्या टॅबची पेनं, ही सगळी या गटातली. लिहायला ती उत्तम आहेत. पण या गटात प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असते, एकाचं पेन दुसऱ्याच्या टॅबवर चालेलच असं नाही. एकट्या ॲपलच्या पेन्सिलचेच चार प्रकार आहेत, २०१५, २०१८, २०२३ आणि २०२४ चे, आणि कुठला प्रकार कुठल्या आयपॅडवर चालतो ते ठरलेलं आहे. म्हणून टॅब आणि पेन एकाच वेळी, एकाच दुकानातून, समोर जोडून दाखवायला लावून घ्या. जुना टॅब घेत असाल तर हे दुप्पट काळजीने करा. पेन डब्यात येतं की वेगळं विकत घ्यावं लागतं, हेही विचारा. किमतींची तुलना पेन धरूनच करायला हवी.

दाबाच्या ४०९६ पातळ्या वगैरे जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापतात. चित्रकाराला आणि सुलेखन करणाऱ्याला त्या लागतात. टिपणं काढणाऱ्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. ॲपलची २०२३ ची स्वस्त पेन्सिल दाब ओळखतच नाही, तरी तिने टिपणं उत्तम निघतात. चित्रं मात्र तिने काढू नयेत.

दुकानात परीक्षा कशी घ्यायची? उभ्याने, टॅब हातात धरून दोन रेघा मारल्याने काही कळत नाही. टॅब काउंटरवर आडवा ठेवा, तळहात निःशंक टेकवा आणि नेहमीच्या वेगाने चार-पाच ओळी मराठी लिहा. क्ष, ज्ञ, त्र, ऱ्ह अशी गुंतागुंतीची अक्षरं त्यात येऊ द्या. ओळ संपल्यावर एक लांब शिरोरेषा अगदी सावकाश ओढा. अक्षर पेनाच्या मागे रेंगाळत असेल तर झपझप लिहिताना ते दिसेल. स्क्रीन पेनाची जागा नीट ओळखत नसेल तर सावकाश ओढलेली तिरकी रेघ लाटेसारखी हलेल. पेनाचं टोक आणि उमटलेली रेघ यांच्यात फट दिसत असेल, तर वरची काच आणि आतला डिस्प्ले यांच्यात अंतर आहे असं समजा. दिवसभर काम करताना ते डोळ्यांना खुपतं. शेवटी स्वतःची सही करा. ती बँकेत चालेल अशी आली तर पेन हाताला बसलं.

वाचन आणि लेखन सोडून दुसरं काहीच करायचं नसेल तर ई-इंकच्या टॅबचाही विचार करावा. नॉर्वेच्या रिमार्केबल कंपनीचा पहिला टॅब २०१७ मध्ये आला, ॲमेझॉनचा किंडल स्क्राइब २०२२ मध्ये. त्यांना डोळ्यांवर येणारा उजेड नाही, उन्हात वाचता येतं, बॅटरी दिवसच्या दिवस टिकते. पण झूम करणं, पानं भराभर उलटणं हे त्यावर मंद चालतं. प्रूफ तपासायला ते मला सोयीचं वाटत नाही. कादंबरी वाचून समासात लिहायला मात्र त्याच्याइतकं शांत साधन नाही.

आकाराचा हिशेब

ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर उंच असतो. अकरा इंची, १६:१० प्रमाणाचा टॅब उभा धरला तर स्क्रीनची रुंदी १४.८ सेंटिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे नेमकी ए-फाइव्ह कागदाएवढी. ए-फोरचं पान त्यावर सुमारे ७० टक्के आकारात दिसतं. आयपॅडचं प्रमाण थोडं चौकोनी असल्याने तिथे ते किंचित मोठं दिसतं. वाचायला हे पुरतं, पण अनुस्वार निसटतो. इकार ऱ्हस्व की दीर्घ, रफार आहे की कागदावरचा ठिपका, हे ७० टक्क्यांवर खात्रीने सांगता येत नाही.

उपाय सोपा आहे. टॅब आडवा करा आणि पान रुंदीभर पसरवा. आता रुंदी पावणेचोवीस सेंटिमीटरच्या घरात जाते, आणि तेच पान छापील आकारापेक्षा थोडं मोठं दिसतं. एका वेळी अर्धंच पान दिसतं, पण प्रूफाला तेच हवं असतं, कारण नजर ओळीवर राहते. ज्याला सतत पूर्ण पान जवळपास खऱ्या आकारात लागतं, नकाशे वाचणारा वास्तुविशारद किंवा स्वरलिपी लिहिणारा संगीतशिक्षक, त्याने तेरा-चौदा इंची टॅब घ्यावा आणि वजन सोसावं. इतरांना अकरा इंच पुरेत. अर्ध्या किलोच्या आसपासचा टॅब लोकलमध्ये, एसटीत मांडीवर धरता येतो.

काचेवरचं देवनागरी

काचेवर पेन घसरतं आणि पहिले काही दिवस आपलंच अक्षर आपल्याला अनोळखी वाटतं. याला घाबरून टॅब कपाटात ठेवणारे बरेच लोक मी पाहिले आहेत. त्यात दोष हाताचा नसतो, पानाचा असतो.

टिपणांच्या ॲपमध्ये आयती मिळणारी रेघांची पानं रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून आखलेली असतात. आपल्या अक्षराला वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार, ऋकार, शिवाय उभी जोडाक्षरं. तेवढ्या जागेत ते मावत नाही, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो, आणि मग आपण अक्षर बारीक करत जातो. बारीक अक्षर काचेवर आणखी वाईट येतं. म्हणून सेटिंगमधलं सगळ्यात रुंद अंतराचं पान निवडा. त्याहून बरं म्हणजे स्वतःचं पान तयार करणं. लहानपणच्या दुरेघी वहीसारख्या फिकट राखाडी रेघा कुठल्याही लेखन-सॉफ्टवेअरमध्ये आखा, पीडीएफ करा आणि ॲपमध्ये पानाचा नमुना म्हणून घाला. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि त्याचा लाभ रोज होतो.

झपझप लिहिताना शिरोरेषा गाळायला हरकत नाही. कागदावरही आपण तेच करतो. फक्त नावं, आकडे आणि पत्ते शिरोरेषेसह सुटे लिहावेत. घ आणि ध, भ आणि म नंतर वाचताना गोंधळ करतात. पेनाची जाडी मध्यम ठेवा. अगदी बारीक रेघ स्क्रीनवर छान दिसते, पण पीडीएफ छापल्यावर पुसट येते.

ॲपच्या सेटिंगमध्ये ‘फक्त पेनने लिहा’ असा पर्याय असतो, तो पहिल्याच दिवशी चालू करा. मग बोटाने पान फक्त सरकतं, त्यावर काही उमटत नाही आणि हात टेकवायची भीती जाते. टॅब टेबलावर सपाट ठेवण्यापेक्षा मागची बाजू थोडी उचललेली बरी, मान वाचते. कागदासारखा खरखरीत स्क्रीनगार्ड लावला तर अक्षर लगेच सुधारतं, हे खरं आहे. त्याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते: स्क्रीन जरा धुरकट दिसतो आणि पेनाची निब लवकर झिजते. मी लिहिणाऱ्याला तो लावायला सांगतो, फोटो आणि रंगांचं काम करणाऱ्याला सांगत नाही. निबा जास्तीच्या आणून ठेवा. झिजून तिरकी झालेली निब तशीच वापरली तर काचेवर ओरखडे उठू शकतात.

या निमित्ताने मोडी शिकणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला लटकवत, हात शक्य तितका न उचलता लिहितात. टॅबवर ती रेघ पानाच्या नमुन्यातच घालता येते. जुन्या कागदाचा फोटो खालच्या थरावर ठेवायचा, वरच्या थरावर मोडीची वळणं गिरवायची, आणि तिसऱ्या थरावर प्रत्येक ओळीच्या डोक्यावर तिचं देवनागरी लिहायचं. थर लपवता येतात, त्यामुळे मूळ कागद कोरा ठेवून पुन्हा स्वतःची परीक्षा घेता येते. मूळ दस्तऐवजाला हात न लावता हे सगळं होतं. पुण्याच्या पुराभिलेखागारात किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात काम करणाऱ्याला, किंवा घरातली जुनी दप्तरं वाचू पाहणाऱ्याला, पेनवाल्या टॅबचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. त्यासाठी थरांची सोय असलेलं चित्रकलेचं ॲप घ्यावं. टिपणांच्या ॲपवर हे नीट जमत नाही.

प्रूफ आणि पीडीएफ

आलेली पीडीएफ उघडून थेट तिच्यावर लिहायला सुरुवात करू नका. आधी तिची प्रत करा आणि नावात काय ते स्पष्ट लिहा: पुस्तकाचं नाव, प्रूफ कितवं, तपासणाऱ्याची आद्याक्षरं. मूळ फाइल तशीच राहू द्या. दुसरं प्रूफ आल्यावर पहिल्यातल्या दुरुस्त्या झाल्या का, हे पाहायला दोन्ही फाइली शेजारी उघडता येतात. टॅबवर स्क्रीन दुभागून मी हे करतो, आणि कागदावर हे करताना जो पसारा व्हायचा तो पूर्ण संपला आहे.

मराठी पीडीएफची एक खास अडचण इंग्रजी मार्गदर्शनात तुम्हाला सापडणार नाही. आपल्याकडची बरीच पुस्तकं आणि मासिकं आजही श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत जुळवली जातात. त्यांची पीडीएफ दिसायला उत्तम असते, पण आत रोमन चिन्हांची खिचडी असते. शब्द शोधला तर सापडत नाही, ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली तर भलतंच उमटतं. म्हणून ‘मजकूर निवडून टिप्पणी जोडा’ या पद्धतीवर विसंबू नका. सरळ पेनाने खूण करा आणि समासात दुरुस्त शब्द हाताने लिहा. मुद्रितशोधनाच्या नेहमीच्या खुणा जुळारी ओळखतो. ज्याला त्या येत नाहीत त्याच्यासाठी चुकीच्या शब्दाला गोल करून समासात पूर्ण शब्द लिहिणं सर्वांत बिनचूक.

रंगांचा नियम आधी ठरवा. एका फाइलवर लेखक, संपादक आणि मुद्रितशोधक असे तिघं लिहिणार असतील तर प्रत्येकाचा एक रंग, आणि तो शेवटपर्यंत बदलायचा नाही. पिवळा रंग लिहिण्यासाठी कुणीच घेऊ नये, तो छापल्यावर दिसत नाही. झालेल्या दुरुस्तीवर जुळाऱ्याने हिरवी बरोबरची खूण करायची, एवढं पाळलं तरी फोनवरचे निम्मे खुलासे वाचतात.

फाइल परत पाठवताना ती ‘सपाट’ करा, म्हणजे खुणा पानात कायमच्या मिसळून टाका. ॲपमध्ये हा पर्याय निर्यात करताना किंवा छपाईच्या खिडकीत मिळतो. तसं केलं नाही तर तुमच्या टॅबवर दिसणाऱ्या खुणा समोरच्याच्या जुन्या संगणकावर जागा बदलतात, कधी दिसतच नाहीत. आणि सपाट न केलेली प्रत स्वतःजवळ ठेवा, तिच्यातली खूण नंतर पुसता येते.

शिक्षकांनी एवढंच वेगळं करावं: वारंवार लिहायचे शेरे एकदा सुवाच्य लिहून ठेवावेत आणि नक्कल करून चिकटवावेत. अभियंत्यांनी साइटचा फोटो काढून त्यावर बाण आणि मापं तिथेच उभ्या उभ्या लिहावीत. पावसाळ्यात काचेवरचे पाण्याचे थेंब स्पर्श म्हणून नोंदले जातात आणि पान आपोआप हलू लागतं. फडकं जवळ हवं आणि जमत असेल तर बोटाचा स्पर्श तात्पुरता बंद करावा.

सहीबद्दल मात्र सावध राहा. टॅबवर पेनाने केलेली सही दिसायला खरी सहीच असते, पण माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधली ‘डिजिटल सही’ ती नव्हे. कायद्यातली डिजिटल सही परवानाधारक संस्थेने दिलेल्या प्रमाणपत्रावर उभी असते आणि फाइलमध्ये नंतर बदल झाला तर तो उघड करते. तुमच्या पेनाच्या रेघोटीत यातलं काहीच नाही. घरगुती मंजुरी, प्रूफावरचा ‘छापावे’ असा शेरा, पावती, इथे ती चालवून घेतात. करार, निविदा, न्यायालयीन कागद यांसाठी समोरच्या कार्यालयाला कुठली सही लागते ते आधी विचारा. आणि सहीचं चित्र सुटी फाइल म्हणून कुणालाही पाठवू नका.

टिपण आणि त्याचा शोध

हाताने टिपण काढणारा आणि टाइप करणारा यांच्यातला फरक पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञांच्या २०१४ च्या निबंधामुळे जगभर चर्चेत आला. लॅपटॉपवाले विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवून घेतात, हाताने लिहिणारे निवडून लिहितात आणि म्हणून त्यांना अर्थ जास्त कळतो, असा त्यांचा निष्कर्ष. पुढे इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फायदा इतका स्पष्ट दिसला नाही. तरीही त्यातली एक गोष्ट मला रोजच्या अनुभवाने पटते: वेग कमी असला की निवड करावी लागते. बैठकीत बोललेलं सगळं लिहू नका. ठरलं काय, करणार कोण, कधीपर्यंत, आणि आपल्याला पडलेली शंका, एवढं पुरे.

पानाची मांडणी कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांनी सांगितलेल्या पद्धतीने करावी. डावीकडे अरुंद पट्टा, उजवीकडे रुंद जागा, खाली चार ओळींची मोकळी पट्टी. बैठक चालू असताना फक्त उजवीकडे लिहायचं. नंतर डावीकडे मुख्य शब्द, तळाला सारांश. हे ‘नंतर’ त्याच दिवशी संध्याकाळी व्हायला हवं, दुसऱ्या आठवड्यात आपल्याच खुणा आपल्याला लागत नाहीत. आवाजाचं ध्वनिमुद्रण आणि लेखन जोडून ठेवायची सोय काही ॲपमध्ये असते, शब्दावर टेकलं की त्या क्षणी काय बोललं गेलं ते ऐकू येतं. मुलाखत घेणाऱ्याला हे वरदान आहे. पण ध्वनिमुद्रण सुरू करण्याआधी समोरच्याला सांगा आणि त्याची संमती घ्या.

आता शोधाचा प्रश्न. इंग्रजीत हाताने लिहिलेलं टिपण बरीच ॲप वाचतात आणि शोधून देतात. जाहिरातीत हेच दाखवतात. मराठी हस्ताक्षरावर तसा भरवसा ठेवून वह्याच्या वह्या भरू नका. तुमच्या ॲपच्या भाषांच्या यादीत मराठी आहे का ते पाहा, आणि असली तरी स्वतःच्या अक्षरावर तपासा. अँड्रॉइडवर गुगलच्या जीबोर्डमध्ये मराठीसाठी हस्तलेखनाची पट्टी मिळते: भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी निवडून तिच्यात ‘हस्तलेखन’ घ्यायचं. तिच्यावर पेनाने लिहिलेलं लगेच युनिकोड मजकुरात बदलतं. लांब जोडाक्षरांत ती चुकते, वाचून घ्यावं लागतं. पण शीर्षकं आणि छोटे शोधशब्द लिहायला ती फार उपयोगी आहे, कीबोर्ड न येणाऱ्या ज्येष्ठांना तर जास्तच.

म्हणून माझा आग्रह असा: मजकूर हाताने लिहा, शीर्षक मात्र नेहमी टाइप केलेलं असू द्या. शीर्षकात आधी तारीख, तीही वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, म्हणजे फाइली आपोआप काळाप्रमाणे लागतात. मग माणूस किंवा संस्था, मग विषय. ‘२०२५-०७-१४ दिवाळी अंक मुखपृष्ठ चर्चा’ असं नाव दिलेलं पान कुठल्याही ॲपला, कुठल्याही फोनवर, क्षणात सापडतं. ‘नवीन टिपण १७’ कुणालाच सापडत नाही. एका नावाचं एकच रूप ठेवा. आज ‘महापालिका’, उद्या ‘मनपा’ असं लिहिलं तर शोधात निम्मंच हाती येईल. मोठ्या कामाच्या वहीचं पहिलं पान अनुक्रमणिकेसाठी राखून ठेवा. हे करायला प्रत्येक टिपणामागे अर्धं मिनिट लागतं, आणि टॅबची उपयुक्तता माझ्या मते इथेच ठरते. हे न करणाऱ्याने वहीच वापरावी, वही निदान उलटून चाळता येते.

ॲप कुठलं? सॅमसंगचा टॅब असेल तर सॅमसंग नोट्स, आयपॅड असेल तर त्यातलंच नोट्स, किंवा कुठेही चालणारं वननोट, यांतल्या एकावर सुरुवात करावी. गुडनोट्स, नोटॅबिलिटी यांच्यासारखी विकतची ॲप चांगली आहेत, पण गरज कळल्यावर घ्या. एका वेळी दोन ॲपमध्ये टिपणं ठेवू नका.

जपणूक

ॲप आपलं नसतं. गुगलचं जॅमबोर्ड ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झालं. एव्हरनोटने २०२३ च्या अखेरीस फुकट वापरणाऱ्यांना ५० टिपणांची मर्यादा घातली. टिपणांची ॲप आपापल्या खास प्रकारात फाइल साठवतात, ती दुसरीकडे उघडत नाही. म्हणून महिन्यातून एकदा सगळ्या वह्या पीडीएफमध्ये काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवा, शक्यतो एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर. गुगलची फुकट जागा १५ जीबी आहे, ॲपलची आणि मायक्रोसॉफ्टची प्रत्येकी ५. स्कॅन केलेल्या पुस्तकांनी ती भराभर भरते आणि मग नवी टिपणं वर जाणं थांबतं. कडेला येणारी ती छोटी सूचना दुर्लक्षित करू नका.

रुग्णांच्या, पक्षकारांच्या, विद्यार्थ्यांच्या नोंदी टॅबवर असतील तर कुलूप हवंच. मुलांना खेळायला तोच टॅब देऊ नये, किंवा त्यांच्यासाठी वेगळं खातं उघडावं. चार्ज होणारं पेन महिनोन्महिने पडून राहिलं तर त्याची बॅटरी कायमची जाऊ शकते, सुट्टीतही अधूनमधून चार्ज करा. पेन हरवण्याचं प्रमाण टॅब बिघडण्यापेक्षा जास्त आहे. पेनाची जागा असलेलं कव्हर घेणं हा सगळ्यात स्वस्त विमा.

शेवटी, ‘टॅब घ्यावा का’ हा स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्यांच्या पालकांचा फोन आला की मला तो नेहमी विचारला जातो. वाचन, वर्तमानपत्रांची कात्रणं, नकाशे, जुन्या प्रश्नपत्रिका यांसाठी टॅब चांगला. भूगोलाच्या एकाच नकाशावर नद्या, खनिजं, रेल्वे असे थर चढवता येतात, ते कागदावर जमत नाही. पण केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत नऊ पेपर आहेत, प्रत्येकी तीन तासांचे, आणि ते सगळे कागदावर पेनाने लिहायचे आहेत. तिथे खोडायचं बटन नाही, परिच्छेद उचलून वर नेता येत नाही, बोटं दुखतात आणि घड्याळ चालू असतं. टॅबवर खोडणं आणि परिच्छेद हलवणं सवयीचं झालेला विद्यार्थी पहिल्याच पेपरला अडखळतो. तेव्हा टिपणं टॅबवर काढा, उत्तरं मात्र पहिल्या महिन्यापासून कागदावरच लिहा, घड्याळ लावून. लिहून झाल्यावर त्या उत्तराचा फोटो टॅबवर घ्या आणि मार्गदर्शकाला लाल रंगात त्याच्यावरच शेरे लिहून मागा. पुढच्या वेळी तोच प्रश्न सोडवण्याआधी ते शेरे काढून वाचा.